घणसोलीची नोकरी आणि सीसीएनएचा अभ्यास

नोकरी सांभाळून सीसीएनए (सिस्को कंपनीचं नेटवर्किंगचं सर्टिफिकेट) कसं केलंस, असं हल्ली मला बरेच जण विचारतात. कोणी ऐरोलीत डेटा सेंटरला शिफ्ट करतो, कोणी महाप्याला हेल्पडेस्कवर आहे. चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या सांगताना निम्मं राहून जातं, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढते.

आधी माझं सांगते. डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा. घणसोलीच्या एका कंपनीत डेस्कटॉप सपोर्टला बरीच वर्षं काढली. लॅपटॉप बदलून देणं, प्रिंटर, पासवर्ड, मीटिंग रूमचा प्रोजेक्टर, हे रोजचं काम. राहायला कळव्याला, खारेगावात. घरी नवरा, सासूबाई आणि तिसरीतली मुलगी. ऑफिसात नेटवर्कचं काही निघालं की आम्ही तिकीट नेटवर्क टीमकडे पाठवायचो आणि आमचं काम तिथे संपायचं. मला ते तिथे संपलेलं आवडायचं नाही. तिकीट पलीकडे गेलं, तासाभराने 'रिझॉल्व्ह्ड' होऊन परत आलं, पण मधल्या वेळात त्यांनी नक्की काय बघितलं, कुठे हात घातला, हे मला कळायला हवं होतं. पगार, पद, हे सगळं होतंच. पण सुरुवात या कुतूहलातून झाली आणि पुढे कंटाळा आला तेव्हाही त्यानेच टिकवून धरलं.

दुसरं कारण आमच्या भागातलंच आहे. ठाणे-बेलापूर रस्त्याने ऐरोलीपासून खाली या. जिथे पूर्वी केमिकलचे कारखाने होते, तिथे आता खिडक्या नसलेल्या मोठमोठ्या इमारती उभ्या आहेत. ऐरोली, रबाळे, महापे, हा सगळा डेटा सेंटरचा पट्टा झालाय. तिथल्या जाहिराती वाचल्या की पात्रतेच्या ओळीत सीसीएनए दिसतंच. घराजवळ एवढं काम असताना आपल्याला ते येत नसावं, हे मला पटत नव्हतं.

परीक्षेची माहिती थोडक्यात देते, कारण अजूनही लोक मला आयसीएनडी वन आणि टू या जुन्या पेपरांबद्दल विचारतात. त्या दोन परीक्षा २०२० च्या फेब्रुवारीत बंद झाल्या. आता एकच पेपर आहे, २००-३०१, वेळ १२० मिनिटं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्याची १.१ ही आवृत्ती आली, तेव्हा पुस्तक घेताना ते बघून घ्या. सहा भाग आहेत. सगळ्यात जड आयपी कनेक्टिव्हिटी, २५ टक्के. नेटवर्क फंडामेंटल्स आणि नेटवर्क ॲक्सेस प्रत्येकी २०, सिक्युरिटी १५, आयपी सर्व्हिसेस १० आणि ऑटोमेशन १०. फी ३०० डॉलर आणि वर कर, म्हणजे आपल्या रुपयांत पंचवीस हजारांच्या पुढे. एवढे पैसे एका पेपरला घालायचे म्हणजे घरी बसून बोलावं लागतं. आम्हीही बोललो.

आता मुख्य गोष्ट. नोकरीमुळे अभ्यासाला वेळ मिळत नाही, असं सगळे म्हणतात आणि ते खरंच आहे. पण या एका विषयात नोकरीच तुम्हाला शिकवते, फक्त रोजच्या कामाकडे त्या नजरेने बघायला हवं. आमच्या चौथ्या मजल्यावरचा प्रसंग सांगते.

एका सोमवारी नवीन मुलांची बॅच जॉइन झाली. सगळ्यांना लॅपटॉप दिले, डेस्कवर केबल लावल्या. दहा वाजेपर्यंत निम्म्या मुलांचं नेटवर्क चालेना. आयपीकॉन्फिग (मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता दाखवणारी कमांड) मारलं की पत्ता १६९.२५४ ने सुरू होणारा. आमच्याकडची पद्धत अशी की केबल काढून लाव, मशीन रीस्टार्ट कर, नाहीच झालं तर तिकीट. पण त्या आठवड्यात मी नेमकं डीएचसीपी, म्हणजे मशीनला आपोआप पत्ता देण्याची पद्धत, वाचत होते. मशीन 'कोणी पत्ता देतं का' म्हणून डिस्कव्हर पाठवतं, सर्व्हर ऑफर देतो, मशीन रिक्वेस्ट करतं, सर्व्हर ॲक्नॉलेज करतो. १६९.२५४ चा पत्ता म्हणजे मशीनने हाक मारली, उत्तर आलं नाही, म्हणून त्याने स्वतःच स्वतःला पत्ता लावून घेतला. मग उत्तर का आलं नाही? त्याच रांगेतल्या जुन्या लोकांचं सगळं व्यवस्थित चालू होतं. म्हणजे स्विच ठीक, वरची लाइन ठीक. राहिला सर्व्हर.

मी एका जुन्या मशीनचा मास्क, म्हणजे त्या नेटवर्कात किती पत्ते बसतात ते सांगणारा आकडा, बघितला. २५५.२५५.२५५.१२८. म्हणजे /२५, पत्त्याच्या ३२ बिटांपैकी पहिले २५ नेटवर्कचे. म्हणजे १२८ पत्ते, त्यातला पहिला नेटवर्कचा आणि शेवटचा ब्रॉडकास्टचा, उरले १२६. त्यातला एक गेटवेला, म्हणजे नेटवर्कातून बाहेर जायच्या दाराला. मजल्यावरच्या खुर्च्या मोजल्या, प्रिंटर धरले, तरी आकडा १२६ च्या आत होता. मग आठवलं, आदल्या आठवड्यात त्याच मजल्यावर ट्रेनिंग झालं होतं, दुसऱ्या इमारतीतले लोक लॅपटॉप घेऊन दोन दिवस बसून गेले होते. विंडोज सर्व्हरवर डीएचसीपीची लीज, म्हणजे दिलेला पत्ता वापरायची मुदत, मुळात आठ दिवसांची असते. माणसं गेली, पण त्यांचे पत्ते त्यांच्याच नावावर अडकून राहिले.

तिकिटात मी एवढंच लिहिलं: चौथ्या मजल्याचा स्कोप (वाटायच्या पत्त्यांची यादी) भरला असावा, मागच्या आठवड्यातल्या ट्रेनिंगच्या लीज अजून सुटलेल्या नसतील, कृपया तपासावं. पाच मिनिटांत नेटवर्क टीमच्या सीनियरचा फोन. त्यांना सगळे दादाच म्हणतात. "ताई, हे तुम्हाला कुठून कळलं?" मी म्हटलं, "दादा, मास्क बघितला आणि खुर्च्या मोजल्या." त्यांनी जुन्या लीज काढल्या, मुदत एक दिवसावर आणली, आणि अकराच्या आत सगळी मुलं कामाला लागली. त्यानंतर दादा सर्व्हर रूममध्ये काही करायला निघाले की मला हाक मारायचे, "ताई, येताय का बघायला?" ही हाक मला कुठल्याही क्लासात विकत मिळाली नसती.

त्या दिवसापासून वही घातली. डाव्या पानावर तिकीट, उजव्या पानावर त्यामागचं कारण, पुस्तकातल्या धड्याच्या नावासकट. 'फोन चालतो पण लॅपटॉप चालत नाही' याच्या समोर व्हॉइस व्हीलॅन आणि ॲक्सेस व्हीलॅन (एकाच स्विचवर फोन आणि लॅपटॉपसाठी केलेली वेगवेगळी नेटवर्क). 'साइट नावाने उघडत नाही, आकड्याने उघडते' याच्या समोर डीएनएस, म्हणजे नावावरून आकडी पत्ता शोधून देणारी सेवा. 'फाइल कॉपी भयंकर हळू होते' याच्या समोर ड्युप्लेक्स मिसमॅच (केबलचं एक टोक एका वेळी एकाच दिशेने बोलतं, दुसरं दोन्ही दिशांनी), आणि खाली दादांनी सांगितलेली खूण: एका बाजूला लेट कोलिजन (उशिरा झालेल्या टकरा) वाढत जातात, दुसऱ्या बाजूला सीआरसी एरर (खराब होऊन आलेला डेटा). धडा वाचून विसरायला होतं. पण ज्याच्या डेस्कखाली वाकून आपण ती केबल तपासली त्याचा चेहरा आठवतो, आणि चेहऱ्यामागून धडाही आठवतो.

सबनेटिंगबद्दल (नेटवर्कचे छोटे भाग पाडून पत्त्यांचा हिशेब करणं) वेगळं लिहिते, कारण बहुतेक जण इथेच सोडून देतात. हे वाचून येत नाही, रोज हाताने करावं लागतं. माझा प्रवास असा: कळव्याहून खाडी ओलांडून ठाण्याला जायचं, पूल चढून ट्रान्सहार्बरची गाडी पकडायची आणि पुन्हा खाडी ओलांडून दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली. गाडीत बसायला मिळालं तर वही निघायची. स्टेशनवरून ऑफिसला जाताना शेअर रिक्षात वही काढता येत नाही, तेव्हा मी समोरच्या गाड्यांच्या नंबर प्लेट घ्यायचे. एमएच ०४ किंवा एमएच ४३ सोडून द्यायचं, शेवटचे चार आकडे घ्यायचे. समजा ४५१३. पत्ता झाला १७२.१६.४५.१३. मनाशी एक प्रीफिक्स (वर /२५ होता तसा आकडा) ठरवायचा, समजा /२२. तिसऱ्या आकड्यात चारचारचे गट, तर ४५ हा ४४ ते ४७ मध्ये. नेटवर्क १७२.१६.४४.०, ब्रॉडकास्ट १७२.१६.४७.२५५, वापरायला १०२२ पत्ते. पुढची गाडी. चौथ्या आकड्याचा सराव हवा असेल तर शेवटच्या दोन आकड्यांत शंभर मिळवायचे, म्हणजे १३ चे ११३ होतात. /२७ घेतलं तर बत्तीसबत्तीसचे गट, ९६ ते १२७, झालं. सिग्नल सुटायच्या आत उत्तर यायला लागलं तेव्हा मला खात्री पटली की हे आता माझं झालं. परीक्षेत मागच्या प्रश्नावर परत जाता येत नाही, त्यामुळे असल्या हिशेबात वाचलेलं एकेक मिनिट पुढच्या लॅबच्या प्रश्नांना कामी येतं.

घरी अभ्यास पहाटे. नळाला पाणी यायच्या आत जो वेळ मिळेल तो माझा, हे ठरलेलं. संध्याकाळी मुलीचा अभ्यास आणि स्वयंपाक, त्यात पुस्तक उघडून काही उपयोग होत नाही, आणि मी तो प्रयत्न केलाही नाही. सासूबाईंनी सकाळची भाजी स्वतःकडे घेतली, नवऱ्याने मुलीचा डबा आणि शाळेची तयारी. बायकांनी हे वाचताना या दोन ओळी नीट वाचाव्यात. घरच्यांनी वेळ काढून दिल्याशिवाय तो मिळत नाही आणि तो स्पष्ट मागावा लागतो. मी मागितला. सासूबाई म्हणाल्या, "तू वर बस, खालचं मी बघते." आमच्या घराला वर एक छोटी खोली आहे.

लॅबसाठी खर्च करू नका. जुने स्विच विकत घेणारे लोक मला माहीत आहेत आणि त्यांचा उत्साह मला कळतो, पण सीसीएनएपुरतं सिस्कोचं पॅकेट ट्रेसर, म्हणजे लॅपटॉपवरच नेटवर्क उभारून बघायचं सॉफ्टवेअर, पुरतं आणि ते फुकट आहे, नेटवर्किंग अकॅडमीवर खातं उघडलं की मिळतं. मात्र पुस्तकात दिलेली लॅब जशीच्या तशी टाइप करून 'पिंग लागला' (समोरच्या मशीनकडून उत्तर आलं) म्हणून उठायचं, हा अभ्यास अपुरा आहे. लॅब लागल्यानंतर ती बिघडवायला हवी. माझ्याकडे हे काम नवरा करायचा. तो वागळे इस्टेटला एका वर्कशॉपमध्ये मेंटेनन्स फिटर आहे, नेटवर्कचं त्याला काही माहीत नाही. मी त्याला कागदावर दहा-बारा ओळी लिहून दिल्या होत्या: या राउटरवर हे टाइप कर, त्या स्विचवर ते. रात्री तो त्यातली कुठलीही एक टाकायचा, फाइल सेव्ह करायचा आणि झोपायचा. पहाटे मी उठून शोधायचे.

एकदा ओएसपीएफचे (राउटर एकमेकांना वाटा सांगतात ती पद्धत) दोन राउटर शेजारी व्हायलाच तयार नव्हते. पिंग लागतोय, नेटवर्क स्टेटमेंट बरोबर, एरिया बरोबर. शेवटी दोन्ही बाजूंना 'शो आयपी ओएसपीएफ इंटरफेस' मारून शेजारी शेजारी ठेवलं. एका बाजूला हॅलो (किती सेकंदांनी हाक मारायची) १० आणि डेड (किती सेकंद हाक आली नाही तर शेजारी गेला समजायचं) ४०, दुसऱ्या बाजूला हॅलो १५. टायमर जुळल्याशिवाय शेजार जमत नाही, हे मी वाचलेलं होतं. पण स्वतः शोधून काढल्यावर ते जे बसलं ते कायमचं. नवरा दूध गरम करत होता, त्याला जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे दोन्हीकडची सेटिंग मॅच पाहिजे. मग आधी तेच बघायचं ना." फिटर माणूस, बिघाड शोधण्यात त्याचं आयुष्य गेलंय. मशीन बंद पडलं की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं: आधी सप्लाय बघ.

हे वाक्य मी ऑफिसात वापरलं. तिसऱ्या मजल्यावरच्या मीटिंग रूममध्ये टेबलाखालचा पोर्ट मेलेला. लॅपटॉप बदलला, केबल बदलली, लाइट लागतच नाही. सप्लाय कुठून येतो? स्विचवरून. दादांबरोबर जाऊन 'शो इंटरफेसेस स्टेटस' बघितलं, तर त्या पोर्टसमोर आणि त्याच्या बाजूच्या पोर्टसमोर 'एरर-डिसेबल्ड'. लॉगमध्ये बीपीडीयू गार्डची ओळ. बीपीडीयू म्हणजे लूप टाळायला स्विच पाठवतात तो संदेश, आणि गार्ड म्हणजे तो नको त्या पोर्टवर आला की पोर्ट बंद करणारी राखण. आधीच्या मीटिंगमध्ये कोणीतरी टेबल आवरताना पॅच कॉर्डची दोन्ही टोकं भिंतीतल्या दोन सॉकेटमध्ये खोचली होती. स्विचला स्वतःचाच बीपीडीयू परत मिळाला, लूप होण्याआधीच त्याने दोन्ही पोर्ट बंद केले. आम्ही जाईपर्यंत ती कॉर्डही कोणी काढून ठेवली होती, पण पोर्ट आपोआप उठत नाही. शटडाउन, नो शटडाउन, आणि हिरवा लाइट लागला. बाकी मजल्याला काही घडल्याचा पत्ताही नव्हता. स्पॅनिंग ट्री, म्हणजे स्विचमधला लूप टाळायची पद्धत, हा धडा सगळ्यांना रटाळ वाटतो. मला तो तेव्हापासून फार आवडतो.

एका गोष्टीत अनेकांचा गोंधळ होतो, ती इथेच सांगून टाकते. राउटिंग टेबलात (राउटरच्या वाटांच्या यादीत) १०.०.०.०/८ ही स्टॅटिक, म्हणजे हाताने घातलेली, आणि १०.२०.७.०/२४ ही ओएसपीएफने आलेली, अशा दोन वाटा आहेत, आणि पॅकेट १०.२०.७.२०० ला जायचंय. बरेच जण लगेच ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स (वाट कुठून कळली त्यावर ठरलेला विश्वासाचा आकडा, कमी तो चांगला) बघतात: स्टॅटिकचं १, ओएसपीएफचं ११०, मग स्टॅटिक जिंकणार. तसं होत नाही. डिस्टन्स फक्त तोच प्रीफिक्स दोन ठिकाणांहून कळला तर टेबलात कोण बसणार ते ठरवतं. पॅकेट पाठवताना जास्त लांब जुळणारा प्रीफिक्सच घेतला जातो. कुरियरवाल्याला एका चिठ्ठीवर 'कळवा' आणि दुसरीवर 'खारेगाव, अमुक गल्ली' लिहून दिलं तर तो गल्लीच धरणार. इथे /२४ ची वाट, मग ती ओएसपीएफने का आलेली असेना.

ऑटोमेशनचा भाग लोक दहाच टक्के म्हणून सोडतात. सोडू नका. जेसन (डेटा लिहायची एक पद्धत) वाचता येणं, रेस्ट एपीआय (प्रोग्रामने दुसऱ्या सिस्टिमशी बोलायची रीत) म्हणजे काय, सगळी उपकरणं एका जागेवरून चालवणारा कंट्रोलर मध्ये आला की काय बदलतं, एवढं दोन-तीन रविवारांत होतं. मी रविवारी घराजवळच्या अभ्यासिकेत बसायचे. आजूबाजूला सगळी एमपीएससीची मुलं, बारा बारा तास मान खाली घालून. त्यांच्यात बसलं की आपोआप फोन पिशवीत जातो.

आता डम्पबद्दल, आणि हे मी अगदी मनापासून लिहितेय. फीचे पैसे मोठे आहेत, नापास व्हायची भीती वाटते, आणि कोणीतरी टेलिग्रामवर फुटलेल्या प्रश्नांची फाइल पाठवतं. मलाही आली होती, मी ती उघडली नाही. परीक्षेआधी आपण गुप्ततेचा करार मान्य करतो आणि तो मोडला तर सिस्को सर्टिफिकेट रद्द करू शकते, हा एक भाग. पण मला जास्त वाटतं ते पुढचं. मी आता नेटवर्क टीममध्ये आहे आणि मुलाखतींना बसते. समोरच्याकडे सर्टिफिकेट असतं. दादा विचारतात, "युजरला १६९.२५४ चा पत्ता मिळालाय, तुम्ही पहिल्यांदा काय बघाल?" आणि तो मुलगा गप्प होतो. त्याने वर्षभर पैसे साठवले असतील, घरच्यांना सांगितलं असेल. ते पाहून मला फार वाईट वाटतं. तेवढ्याच पैशांत आणि तेवढ्याच महिन्यांत त्याला हे सगळं खरं खरं येऊ शकलं असतं.

परीक्षेच्या दिवसाचं फार नाही. दोन ओळखपत्रं न्या, नाव दोन्हीकडे नोंदणीसारखंच हवं. पेन-कागद आत नेता येत नाही, पुसता येणारी पाटी आणि मार्कर देतात. बसल्या बसल्या मी पाटीवर १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १ लिहून घेतलं आणि त्याखाली मास्क. पास झाले. सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं, त्याआधी नूतनीकरण करावं लागतं.

नाइट शिफ्टवाले विचारतात, आम्हाला जमेल का. जमेल, पण शिफ्ट संपवून घरी येऊन पुस्तक उघडू नका. आधी झोपा, उठल्यावरचा पहिला तास द्या. आणि रात्रीपाळीत एक गोष्ट अशी मिळते जी दिवसवाल्यांना मिळत नाही: बहुतेक कंपन्यांत नेटवर्कमधले बदल रात्रीच होतात. परवानगी काढा, कोपऱ्यात उभे राहा, सीनियर बदलाआधी काय काय सेव्ह करून ठेवतो आणि बिघडलं तर परत कसं फिरवतो ते बघा. पास झाल्यावर फी परत मिळते का हे एचआरला परीक्षा बुक करायच्या आधी विचारा, नंतर नाही. आमच्याकडे आधी मंजुरीचा मेल लागतो.

तुर्भ्याला बिलिंगमध्ये काम करणारी एक मुलगी आहे, तिला या लाइनीत यायचंय, पण तिच्या कामात स्विच-राउटरचा संबंध येत नाही. तिला मी सांगितलंय, लॅपटॉपवर पॅकेट ट्रेसर घालून घे आणि रविवारी अभ्यासिकेत ये. मी दहा वाजता तिथे असते. तिच्यासाठी तीन राउटरची फाइल तयार केली आहे, त्यातल्या दोन ओळी मी बदलून ठेवल्या आहेत. कुठल्या ते तिने शोधायचं.